सायकलस्वार आणि रस्ता

[नभोवाणीवरून झालेलें भाषण]

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या आळींतले एक गृहस्थ पावसाळ्यांतील एका संध्याकाळीं कारखान्यांतून घरीं परत येत असतां मालमोटारीचा धक्का लागून रस्त्यावर पडले. आठ किलोमीटर जावयाचें आणि आठ किलोमीटर यावयाचें, असा त्यांचा पंचवीस वर्षांचा सायकलीचा क्रम होता. उजवा पाय मोडला. तो पुढें बरा झाला. परंतु सायकलीवर ते पुन्हां बसले नाहींत. त्या रात्रीं आळींतील मंडळी रुग्णालयाच्या दाराशीं जमली होती आणि जो तो एकच प्रश्न विचारीत होता : "सायकलीला दिवा होता कां?" दिवा होता. तो लागलेलाही होता. एवढें उत्तर मिळाल्यावर सारे गप्प झाले, जणूं चौकशी पुरी झाली. दुसरा प्रश्न कोणास सुचला नाहीं. मलाही सुचला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

तो दुसरा प्रश्न कोणता, हें मला पुढें सायकलीचा इतिहास वाचतांना समजलें. आज श्रोत्यांपुढें तोच इतिहास थोडक्यांत मांडावयाचा आहे. सायकलीवरून रोज कामावर जाणाऱ्यानें सुरक्षित कसें राहावें, हा विषय वरवर पाहतां चार सूचनांत आटोपण्यासारखा दिसतो. दिवा लावा, घंटी वाजवा, डाव्या बाजूनें चला, मागें पाहून वळा. तशा सूचना मीही शेवटीं करणार आहें. परंतु गेल्या दोनशें वर्षांत सायकलस्वाराचे प्राण कशानें गेले आणि कशानें वाचले, हें पाहिल्यावांचून त्या सूचनांचें खरें मोल कळावयाचें नाहीं.

सायकलीच्या पूर्वजाचा जन्म जर्मनींतील मानहाइम या शहरीं झाला. १२ जून १८१७ रोजीं कार्ल फॉन द्राइस या गृहस्थानें एकामागें एक अशीं दोन चाकें जोडलेलें एक लांकडी वाहन रस्त्यावर आणलें. त्याला पेडल नव्हतें. त्यावर बसून दोन्ही पाय आळीपाळीनें जमिनीवर रेटीत पुढें जावयाचें, एवढीच त्याची युक्ति. तरी त्या दिवशीं द्राइसनें जाऊन येऊन तेरा-चौदा किलोमीटरांचें अंतर तासाभराच्या आंत तोडलें. घोडा नाहीं, बैल नाहीं, आणि माणूस केवळ आपल्याच बळावर एवढ्या वेगानें जातो, याचें लोकांना मोठें नवल वाटलें. परंतु लवकरच एक अडचण उभी राहिली. त्या काळचे रस्ते घोडागाड्यांच्या चाकोऱ्यांनीं इतके उखडलेले असत कीं, दोन चाकांवर तोल सांभाळणें दुरापास्त होई. साहजिकच हे स्वार रस्ता सोडून पायीं चालणाऱ्यांच्या पदपथावर चढूं लागले. तेथें लोकांना धक्के बसूं लागले, आरडाओरड झाली, आणि जर्मनी, इंग्लंड व अमेरिका येथील शहरांतून या वाहनावर बंदी आली. आपल्या इकडे कलकत्त्यापर्यंतही ती बंदी येऊन पोहोंचली. पाहतां पाहतां तें वाहन मागें पडलें.

बंदी घालणाऱ्यांचें चुकलें, असें माझें म्हणणें नाहीं. पायीं चालणाऱ्याचें रक्षण आधीं झालेंच पाहिजे. परंतु ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, स्वार पदपथावर कां चढला, याचा विचार त्या वेळीं कोणीं केला नाहीं. रस्ता होता तसाच राहिला आणि शिक्षा स्वाराला झाली. या कथेची पुनरावृत्ति पुढें अनेक वेळां झालेली आपणांस दिसेल.

यानंतर सुमारें अर्ध्या शतकानें, इ. स. १८६० नंतरच्या दशकांत, पॅरिस शहरीं पुढच्या चाकाला पेडलें बसविलेलें वाहन निघालें. त्याचीं चाकें लांकडी आणि त्यांवर लोखंडी धांव. दगडी फरसबंदीवरून तें चालूं लागलें म्हणजे स्वाराचीं हाडें खिळखिळीं होत, आणि इंग्लंडांत तर त्याला हाडें खिळखिळीं करणारें वाहन असेंच नांव पडलें. पेडलें पुढच्या चाकालाच जोडलेलीं असल्यामुळें पायाच्या एका फेऱ्यांत चाकाचा एकच फेरा होई. म्हणून वेग पाहिजे असेल, तर चाक मोठें करणें हाच उपाय होता. कॉव्हेंट्री शहरांतील जेम्स स्टार्ले प्रभृति कारागिरांनीं १८७० नंतर तें चाक वाढवीत वाढवीत माणसाच्या खांद्याइतकें उंच केलें. मागें आधाराला एक चिमुकलें चाक ठेविलें. जुन्या चित्रांतून हें वाहन आपण सर्वांनीं पाहिलें आहे.

तें दिसावयास डौलदार, पण बसावयास फार धोक्याचें होतें. स्वाराचें आसन जवळजवळ पुढच्या चाकाच्या आंसावर. वाटेंत एखादा धोंडा आडवा आला किंवा चाक खड्ड्यांत अडकलें कीं चाक जागच्या जागीं थांबे आणि स्वार मात्र हँडलावरून पुढें डोक्यावर आपटे. हा अपघात इतका नित्याचा होता कीं, इंग्रजी भाषेंत त्याला स्वतंत्र नांव मिळालें. तरुण, धाडसी आणि अंगानें धट्टेकट्टे पुरुष तेवढे या वाहनाच्या वाटेस जात. त्यांपैकीं टॉमस स्टीव्हन्स यानें १८८४ सालीं सॅन फ्रॅन्सिस्कोहून निघून अशाच उंच सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. १८८६ सालीं तो लाहोरहून ग्रँड ट्रंक रस्त्यानें कलकत्त्यास गेला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जपानांत योकोहामा येथें त्यानें आपला प्रवास संपविला. त्याच्या धाडसाचें कौतुक करावें तेवढें थोडें. परंतु ज्या वाहनावर बसण्यास धाडस लागतें, तें रोज कामावर जाण्याचें वाहन होऊं शकत नाहीं. कारकून, गिरणी-कामगार, शाळामास्तर, परिचारिका यांना सकाळीं आठ वाजतां धाडस नको असतें. त्यांना वेळेवर आणि धडपणें पोहोंचावयाचें असतें.

ही गरज ओळखली जेम्स स्टार्लेच्या पुतण्यानें. जॉन केम्प स्टार्ले यानें १८८५ सालीं 'रोव्हर' या नांवाची सायकल बाहेर काढली. दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं, पेडलें मधोमध, त्यांची गति सांखळीनें मागच्या चाकाला दिलेली, आणि आसन इतकें खालीं कीं तोल जातांच पाय जमिनीला टेकावा. या प्रकारच्या सायकलीला लोक 'सेफ्टी' म्हणूं लागले. म्हणजे सुरक्षितता हा त्या वाहनाचा एक गुण न राहतां तें त्याचें नांवच झालें. पुढें तीन वर्षांनीं, १८८८ सालीं, बेलफास्ट येथें गुरांच्या डॉक्टरीचा व्यवसाय करणारे जॉन बॉइड डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेल्या रबरी नळ्या बसविल्या. दगडी रस्त्यावर मुलाला बसणारे हिसके कमी व्हावेत, एवढाच त्यांचा हेतु. वस्तुतः रॉबर्ट टॉमसन नांवाच्या दुसऱ्या एका स्कॉट गृहस्थानें हीच कल्पना चाळीस वर्षांपूर्वीं काढली होती. परंतु तेव्हां तिला योग्य असें वाहनच नसल्यामुळें ती विसरली गेली. आतां वाहन तयार होतें. हवेच्या टायरानें हिसके कमी झाले, तोल सांभाळणें सोपें झालें, आणि सायकल स्त्रियांच्या, प्रौढांच्या व कामकऱ्यांच्या हातीं आली.

श्रोतेहो, आज आपल्या दाराशीं उभी असलेली सायकल मूलतः तीच आहे. ब्रेक सुधारले, दिवे सुधारले, गिअर आले. परंतु सांगाडा तोच. यंत्राच्या बाजूनें सायकल सुरक्षित करण्याचें मुख्य काम एकोणिसाव्या शतकांतच पुरें झालें होतें. मग त्यानंतर इतकीं माणसें कां मेलीं? याचें उत्तर यंत्रांत सांपडत नाहीं. तें रस्त्यावर शोधावें लागतें.

रस्त्याचें महत्त्व जुन्या सायकलस्वारांनीं फार लवकर ओळखलें होतें. इंग्लंडांत १८७८ सालीं सायकलप्रवाशांचा संघ स्थापन झाला. त्या काळच्या सायकलींचे ब्रेक अगदीं नांवापुरते असल्यामुळें तीव्र उतारावर प्राण जात. तेव्हां अशा उतारांच्या माथ्यावर 'सायकलस्वारांनो, हा उतार धोक्याचा आहे' अशा अर्थाच्या पाट्या या संघांनीं स्वखर्चानें लाविल्या. १८८६ सालीं रस्ते सुधारण्यासाठीं सायकलस्वारांनींच एक स्वतंत्र मंडळ काढलें. अमेरिकेंतही १८८० सालीं स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या संघानें चांगल्या रस्त्यांची चळवळ देशभर नेली. पुढें ज्या गुळगुळीत रस्त्यांवरून मोटारी धांवूं लागल्या, त्या रस्त्यांची मागणी प्रथम सायकलस्वारांनीं केली होती, हें आज फार थोड्यांना ठाऊक असतें.

१८८८ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटानें एका कायद्यांत सायकलीला 'गाडी' ठरविलें. दिसावयास हा एक शब्द, पण त्याचा परिणाम मोठा. सायकलस्वार हा रस्त्यावरचा उपटसुंभ नसून घोडागाडीवाल्याइतकाच रस्त्याचा हक्कदार आहे, असें त्यानें ठरलें. त्याच कलमांत त्याच्यावर दोन कर्तव्येंही आलीं. अंधारांत दिवा लावणें आणि दुसऱ्यास मागें टाकतांना घंटी किंवा तशीच कांहीं सूचना देणें. हक्क आणि कर्तव्य एकाच कलमांत शेजारीं शेजारीं बसलीं होतीं. पुढच्या काळांत कर्तव्याची आठवण सर्वांना राहिली. हक्काची मात्र बुजत गेली.

मोटारींची संख्या वाढली तशी ही विषमता उघडी पडली. १९३४ सालीं एकट्या ब्रिटनमध्यें रस्त्यांवर ७,३४३ माणसें मेलीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत लंडनजवळच्या वेस्टर्न ॲव्हेन्यू या रस्त्याच्या कडेनें केवळ सायकलींसाठीं एक मार्ग उघडण्यांत आला. आश्चर्य असें कीं, त्याला सायकलस्वारांच्या संघानेंच विरोध केला. कडेचा अरुंद मार्ग दिल्यावर मुख्य रस्त्यावरचा आपला हक्क काढून घेतला जाईल, अशी त्यांना भीति वाटत होती. दुसरा वाद पाठीमागच्या तांबड्या दिव्याचा. संघाचें म्हणणें असें कीं, समोर जेवढा रस्ता मोकळा दिसतो तेवढ्यांत गाडी थांबवितां येईल अशाच वेगानें मोटार हांकणें हें चालकाचें कर्तव्य आहे. सायकलीला मागें दिवा सक्तीचा केला, तर दोष मोटारवाल्याकडून निघून सायकलवाल्याकडे जाईल आणि दिवा विझलेल्या माणसाला कोणीही चिरडावें, असें होईल.

हा युक्तिवाद हट्टी वाटतो खरा, पण पोकळ नाहीं. आमच्या आळींतील मंडळींचा त्या रात्रींचा प्रश्न हेंच सांगत होता. तरीही या वादांत संघाचा पक्ष मला पुरता पटत नाहीं. तत्त्व खरें होतें. परंतु काळोखांत तत्त्व दिसत नाहीं, दिवा दिसतो. १९३९ च्या सप्टेंबरांत महायुद्धाचा काळोख लंडनवर पसरला. विमानहल्ल्यांच्या भीतीनें रस्त्यावरचे दिवे मालवले गेले, मोटारींचे दिवे झांकले गेले, आणि तेव्हां सायकलींना मागचा दिवा सक्तीचा झाला. १९४५ सालीं कायद्यानें ती सक्ति कायम केली. आज मागच्या दिव्याविरुद्ध कोणी बोलत नाहीं. बोलूंही नये.

परंतु दिव्यानें आणि ब्रेकानें जें साधलें नाहीं, तें कशानें साधलें, हें पाहावयाचें असेल तर हॉलंडकडे वळलें पाहिजे. आज तो देश सायकलींचें माहेरघर म्हणून ओळखला जातो. तो पहिल्यापासून तसाच होता, असा पुष्कळांचा समज आहे. ही समजूत अर्धीच खरी. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं तेथें सायकली विपुल होत्या. परंतु १९५० नंतरच्या दोन दशकांत मोटारींचा लोंढा आला, शहरांतील जुने मार्ग त्यांच्यासाठीं रुंद केले गेले आणि सायकली मागें हटल्या. १९७१ सालीं त्या चिमुकल्या देशांत रस्त्यांवर सुमारें ३,३०० माणसें मेलीं. त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराची स्वतःची मुलगी अशाच एका अपघातांत गेली. त्यानें १९७२ सालीं वृत्तपत्रांत लेख लिहिला. 'मुलांची हत्या थांबवा' हें त्याचें शीर्षक होतें. मुलीनें काय चुकविलें, असा प्रश्न त्यानें विचारला नाहीं. सरकार मोटारींच्या रस्त्यांवर इतका पैसा ओततें आणि शाळेच्या वाटेवर कां खर्च करीत नाहीं, असा त्याचा सवाल होता.

त्या लेखाच्या शीर्षकाचीच पुढें चळवळ झाली. आया मुलांना घेऊन रस्त्यांत बसल्या, गल्ल्या अडवून तेथें मुलांचे खेळ मांडले गेले. इतक्यांत १९७३ च्या अखेरीस तेलाची टंचाई आली आणि ४ नोव्हेंबरपासून कित्येक रविवारीं मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. रिकाम्या राजमार्गांवरून लोक सायकली घेऊन फिरले, आणि रस्ता दुसऱ्या प्रकारचाही असूं शकतो, हें त्यांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें. १९७५ सालीं सायकलस्वारांचा संघ निघाला. हेग व तिलबुर्ख या शहरांतून प्रयोगादाखल सलग सायकलमार्ग बांधले गेले. पुढें डेल्फ्ट शहरांत एकटा मार्ग न बांधतां साऱ्या गांवभर मार्गांचें जाळें विणलें गेलें. जेथें मोटारी वेगानें जातात तेथें सायकलीची वाट उंच कांठ घालून वेगळी केली. जेथें वाट वेगळी करणें शक्य नाहीं तेथें मोटारींचाच वेग कमी केला. चौकांत सायकलींसाठीं स्वतंत्र सिग्नल दिले. वस्तीच्या गल्ल्यांतून तासाला तीस किलोमीटरांची मर्यादा घातली, आणि नुसती पाटी लावून न थांबतां रस्ताच असा अरुंद व वळणाचा केला कीं वेगानें जातांच येऊं नये.

याचें फळ काय मिळालें? मोटारींची संख्या तेव्हांपासून कितीतरी वाढली, तरी २०२२ सालीं त्या देशांत रस्त्यांवर मेलेल्यांची संख्या सुमारें ७४० होती. हीही थोडी नव्हे. त्यांत जवळजवळ २९० सायकलस्वार होते आणि त्यांत वृद्धांचें प्रमाण मोठें होतें. म्हणजे तेथेंही काम संपलेलें नाहीं. परंतु तीन हजारांवरून सातशेंवर येणें हें केवळ दैवानें घडत नाहीं.

तीस किलोमीटरांच्या मर्यादेविषयीं येथें थोडें सांगतों, कारण तिच्या मागचें गणित साधें आहे. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. पन्नासाचा वर्ग अडीच हजार, तिसाचा नऊशें. म्हणजे वेग पन्नासांवरून तिसांवर आणला, तर धडकेचा जोर निम्म्याहूनही कमी होतो. ज्या धडकेनें माणूस मरावयाचा, तिच्यांत तो जखमी होऊन वांचण्याचा संभव वाढतो. ऑस्ट्रियांतील ग्रात्स या शहरानें १९९२ सालीं मुख्य रस्ते सोडून साऱ्या शहराला ही मर्यादा लाविली. नॉर्वेंतील ऑस्लो शहरीं रस्ते असेच हळूहळू बदलण्यांत आले आणि २०१९ सालीं तेथें एकही पादचारी किंवा सायकलस्वार अपघातांत मेला नाहीं.

याच्या उलट दिशेनें गेलेला एक प्रयोगही पाहिला पाहिजे. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया राज्यानें १ जुलै १९९० पासून सायकलस्वाराला शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट, सक्तीचें केलें. असा कायदा जगांत हा पहिलाच. डोक्याच्या दुखापती कमी झाल्या हें खरें. परंतु सायकली चालविणारींही कमी झालीं, विशेषतः शाळकरी वयाचीं मुलें. आतां सायकलस्वार कमी होणें ही स्वतःच एक धोक्याची गोष्ट आहे. पीटर जेकबसन या संशोधकानें २००३ सालीं निरनिराळ्या शहरांचे व देशांचे आंकडे मांडून दाखविलें कीं, जेथें सायकली अधिक, तेथें प्रत्येक स्वारामागें धोका कमी. मोटारवाल्याच्या डोळ्यांना सायकल दिसण्याची संवय लागावी लागते. आणि ती संवय सायकलींच्या संख्येनेंच लागते. मी स्वतः हेल्मेट घालतों आणि आपणही घालावें असें सांगेन. मात्र हेल्मेट डोक्याचें रक्षण करतें, रस्त्याची दुरुस्ती करीत नाहीं, एवढें विसरूं नये.

आतां आपल्या घरीं येऊं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत मद्रास, सोनीपत, लुधियाना येथें सायकलींचे मोठे कारखाने उभे राहिले आणि सायकल सामान्य माणसाच्या आटोक्यांत आली. पुणें तर सायकलींचें शहर म्हणूनच गाजलें. माझ्या लहानपणीं तासाच्या भाड्यानें सायकल मिळे. पाय पुरत नसत, म्हणून मधल्या दांडीखालून पाय घालून आम्ही 'कैची' मारीत ती शिकलों. कारखान्याचा भोंगा झाला कीं रस्त्यानें सायकलींचा पूरच्या पूर वाहत जाई, आणि त्या पुरांत मोटारच दबकत दबकत चाले. संध्याकाळ झाली कीं बिनदिव्याच्या आणि डबल सीट स्वारांना पकडण्यासाठीं चौकांत शिपाई उभा असे. ती धरपकड आम्हांला जाचक वाटे. आज वाटतें, कीं निदान त्या काळीं सायकल रस्त्यावर आहे, याची दखल तरी घेतली जात होती.

पुढें स्कूटरी आल्या, मोटारसायकली आल्या, मोटारी आल्या, आणि सायकल कडेला, आणखी कडेला, शेवटीं गटाराच्या झांकणांवर जाऊन पोहोंचली. २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांत ३२,८२५ पादचारी आणि साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. यांत फार थोडे हौसेनें सायकल चालविणारे असतील. दूध घालणारे, पहारेकरी, गवंडी, शाळेंतलीं मुलें, असेच बहुतेक. त्यांच्यापाशीं दुसरें वाहन नसतें. पुण्यासारख्या शहरांत सायकलमार्ग आंखले गेले, २०१७ सालीं मोठी योजनाही मंजूर झाली. परंतु अनेक ठिकाणीं ते मार्ग तुटक आहेत. कोठें त्यांवर वाहनें उभीं राहतात, कोठें ते अकस्मात् एखाद्या खांबाशीं संपतात. तेथें आलेला स्वार काय करतो? तो पदपथावर चढतो आणि पादचाऱ्यांच्या शिव्या खातो. दोनशें वर्षांपूर्वींच्या मानहाइमचीच ही कथा.

त्यांत आतां विजेवर चालणारी सायकल आली आहे. पायाच्या जोराला मोटरची साथ देणारी सायकल यामाहा कंपनीनें जपानांत १९९३ सालीं बाजारांत आणली. चढावाच्या गांवीं राहणाऱ्यांना, वयस्करांना आणि दूर कामावर जाणाऱ्यांना ती वरदान आहे. आपल्या मोटार-नियमांप्रमाणें ज्या सायकलीच्या मोटरची शक्ति २५० वॉटपर्यंत आणि वेग तासाला २५ किलोमीटरांपर्यंत आहे, तिला ठराविक अटींवर नोंदणी लागत नाहीं. ही मर्यादा निष्कारण नाहीं. ही सायकल साध्या सायकलीहून जड असते, म्हणून तिला थांबावयास अधिक अंतर लागतें. शिवाय ती दिसते सायकलीसारखी आणि येते मात्र लवकर. म्हणून समोरून वळणाऱ्या चालकाचा अंदाज चुकतो. मोटरवरचा निर्बंध काढून वेग वाढविणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, ते कायद्याच्या दृष्टीनें मोटारसायकल चालवीत आहेत, पण तिचे ब्रेक त्यांच्यापाशीं नाहींत.

रस्ते सुधारेपर्यंत स्वारानें काय करावें? कारण उद्यां सकाळीं कामावर जावयाचेंच आहे. इतिहासानें शिकविलेल्या चार-पांच गोष्टी सांगतों. पहिली, मागचा तांबडा दिवा केवळ रात्रींच नव्हे, तर पावसाच्या अंधुक संध्याकाळींही लावावा. दुसरी, भीतीनें रस्त्याच्या अगदीं कडेला चिकटूं नये. उभ्या मोटारीचें दार एकाएकीं उघडतें आणि स्वार त्यावर आदळून मागच्या वाहनाखालीं जातो. उभ्या वाहनांपासून निदान हातभर नव्हे, चांगलें एक मीटर अंतर ठेवावें. मोटारींत बसणाऱ्यांनीं दार जवळच्या हातानें न उघडतां लांबच्या हातानें उघडावें. म्हणजे अंग आपोआप वळतें आणि मागून येणारा दिसतो. ब्रिटनच्या रस्ता-नियमांत २०२२ सालीं हें कलम घातलें गेलें. तिसरी गोष्ट, चौकांत थांबलेल्या मालमोटारीच्या डाव्या अंगाला कधींही घुसूं नये. तेथें उभा असलेला सायकलस्वार उंचावर बसलेल्या चालकाला बहुधा दिसत नाहीं, आणि गाडी डावीकडे वळली कीं मागचीं चाकें आंतल्या बाजूनें येतात. अर्धा मिनिट मागें थांबावें. चौथी, पावसांत ब्रेक उशिरा लागतात, म्हणून ते लवकर आणि दोन्ही मिळून दाबावेत. लोखंडी झांकणें व रंगविलेले पट्टे यांवर वळूं नये. आणि पाण्याच्या डबक्याखालीं खड्डा आहे असेंच समजावें. पांचवी, उलट दिशेनें कधीं जाऊं नये, कानांत गाणीं लावूं नयेत, आणि वळण्यापूर्वीं मागें पाहून हात दाखवावा. दुसऱ्याला आपला हेतु कळला, म्हणजे निम्मा धोका टळला.

इतकें केलें म्हणजे स्वाराचें कर्तव्य झालें. परंतु त्यानें सारें झालें, असें मानण्याची चूक आपण करूं नये. आमच्या आळींतील त्या गृहस्थांना मी पुढें एकदां भेटलों. ते म्हणाले, "मास्तर, माझा दिवा मीं लावला होता. रस्त्यावरचा दिवा चार महिने बंद होता, तो लावणें माझ्या हातीं नव्हतें." मग मीं जाऊन ती जागा पाहिली. वळणावर रस्ता आकसलेला, कडेची पट्टी खचलेली, मालमोटारीला आणि सायकलीला मिळून जेमतेम एकाच वाहनापुरती वाट. त्या रात्रीं आम्ही विचारावयास हवा होता तो दुसरा प्रश्न हाच : "रस्ता कसा होता?"

माझी श्रोत्यांना एवढीच विनंति आहे. आपल्या ओळखीचा एखादा सायकलस्वार पडला, म्हणजे पहिला प्रश्न अवश्य विचारा. पण त्यापाशीं थांबूं नका. दुसराही विचारा, आणि तो रुग्णालयाच्या दारांत न विचारतां नगरपालिकेच्या दारांत विचारा. एकदां विचारून उत्तर मिळालें नाहीं, तर पुन्हां विचारा. हॉलंडांतल्या आयांनीं तेंच केलें होतें. आणि शक्य असेल तर हा प्रश्न कोणी पडण्यापूर्वींच विचारा.